कोणता रणगाडा, आणि कधीचा?

रणगाड्याचं मॉडेल करायला निघालेल्या माणसाला मी आधी एकच गोष्ट विचारतो: कोणता रणगाडा? ‘शर्मन’ एवढ्या उत्तरावर भागत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जवळपास पन्नास हजार शर्मन बांधले. कारखाने वेगळे, इंजिनं वेगळी, म्हणून गाड्याही वेगळ्या. एम-४-ए-१ या प्रकाराचं वरचं कवच ओतीव, त्यामुळे कडा गोलसर. एम-४-ए-३ चं कवच पोलादी प्लेटा वेल्डिंगने जोडून केलेलं, त्यामुळे कोपरे धारदार. एम-४-ए-४ साठी क्रायस्लर कंपनीने मोटारगाडीची पाच इंजिनं एकत्र जोडून एक इंजिन केलं. ते मावेना म्हणून गाडीच लांब करावी लागली आणि चाकांच्या जोड्यांमधलं अंतर वाढलं. नाव मात्र सगळ्यांचं शर्मनच.

रशियन टी-३४ ची गोष्ट अशीच आहे. स्टालिनग्राडच्या कारखान्यात रबराची टंचाई झाली तेव्हा रबरी धावेऐवजी आत रबर दडवलेली पोलादी चाकं बसवली गेली. म्हणून चाकांकडे नीट पाहिलं की गाडी कुठून आणि साधारण कोणत्या काळात बाहेर पडली याचा माग लागतो. जर्मन पँथरवर झिमेरिट नावाचा खरबरीत लेप असायचा. चुंबकी सुरुंग पोलादाला चिकटू नयेत म्हणून कारखान्यातच तो लावत. ही पद्धत १९४३ च्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू झाली आणि वर्षभराने बंद झाली. तेव्हा १९४३ च्या जुलैमध्ये कुर्स्कला लढलेल्या पँथरवर ज्याने झिमेरिट दाखवलं, त्याचा हात कितीही सफाईदार असला तरी मॉडेल चुकलं.

या पुस्तकाचा सगळा भर या एका मुद्द्यावर आहे. मॉडेल करायचं ते रणगाड्याच्या एखाद्या प्रकाराचं नव्हे; एका विशिष्ट गाडीचं, तिच्या आयुष्यातल्या एखाद्या विशिष्ट दिवसाचं. कापणं, चिकटवणं, रंगवणं ही कौशल्यं हळूहळू हाताला येतात आणि ती पुढच्या प्रकरणांत सविस्तर दिलेली आहेत. पण ती कशासाठी वापरायची हे ठरलेलं नसेल तर हातात येते ती एक सुबक वस्तू, आणि सुबक वस्तू दुकानात तयारही मिळते. या छंदाचा खरा आनंद तपास करण्यात आहे, असं मी मनापासून मानतो.

प्लॅस्टिक मॉडेल येण्याआधी हे सगळं लाकडात चालायचं. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये विमानांची लाकडी मॉडेलं १/७२ या प्रमाणात निघू लागली. हे प्रमाण का, तर एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे साधारण एका उंच माणसाची उंची. युद्धकाळात सैनिकांना शत्रूचं विमान आणि आपलं विमान ओळखायला शिकवण्यासाठी अशी मॉडेलं मोठ्या संख्येने वापरली गेली. युद्धानंतर पॉलिस्टायरीनचं साचेकाम स्वस्त झालं आणि ब्रिटनची एअरफिक्स, अमेरिकेच्या रेव्हेल आणि मोनोग्राम यांनी घराघरांत मॉडेलं पोचवली. भर तेव्हा विमानांवर आणि जहाजांवर होता. रणगाड्याला त्याचं स्थान मिळवून दिलं ते मुख्यतः जपानने, आणि जपानमध्येही शिझुओका या एका शहराने.

शिझुओकातली तामिया ही मुळात लाकूड कापणारी गिरणी. योशिओ तामिया यांनी ती १९४६ साली सुरू केली. पुढे लाकडी मॉडेलं आली, आगीत नुकसान झालं, आणि प्लॅस्टिकची लाट आल्यावर १९६० साली ‘यामातो’ या युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक मॉडेल निघालं. ते तोट्यात गेलं. त्यानंतर लवकरच आला पँथर रणगाडा. तो मोटरवर चालणारा होता. आत मोटर आणि बॅटऱ्या नीट बसायला हव्यात म्हणून गाडीची रुंदी ठरली, आणि ती मूळ गाडीशी ताडून पाहिल्यावर प्रमाण निघालं साधारण १/३५. पँथर धडाक्यात खपला. मग पुढचे रणगाडे त्याच प्रमाणात काढणं भाग पडलं, मग सैनिकांच्या आकृत्या, मग तोफा, मग इतर कंपन्याही त्याच वाटेने आल्या. आज जगात लष्करी गाड्यांच्या मॉडेलचं सर्वांत रूढ प्रमाण १/३५ आहे. त्याचं मूळ बॅटरीच्या आकारात आहे हे वाचून मला कधीच गंमत वाटली नाही, आदरच वाटला. एका छोट्या कारखान्याने हाताशी असलेल्या सामग्रीतून काढलेला मार्ग जगाची पद्धत झाला.

योशिओ यांचे पुत्र शुन्साकू तामिया यांनी या व्यवसायाला जी शिस्त लावली ती मात्र मापांची होती. ते स्वतः इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आणि अमेरिकेतल्या अॅबरडीनला जाऊन गाड्यांचे फोटो काढत, मापं घेत. पोर्शेच्या एका मोटारीचं मॉडेल करताना त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी करून पाहिली होती. २०२५ साली नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. शिझुओकाला दर मे महिन्यात भरणाऱ्या हॉबी शोला आजही जगभरातून माणसं जातात.

आता चित्र पुष्कळ बदललं आहे. चीन, तैवान आणि हाँगकाँगच्या कंपन्या एकेका गाडीचे आठशे-हजार भागांचे किट काढतात, इंजिन आणि चालकाच्या आसनासह. युक्रेनच्या मिनीआर्ट आणि आयसीएम या कंपन्या २०२२ नंतर प्रत्यक्ष युद्धाच्या छायेतही नवे किट काढत राहिल्या. त्यांचं खोकं हातात घेताना मला ते विसरता येत नाही.

प्रमाणाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळं तिथे आहे. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. किल्ला मनातला असतो. इथे तसं चालत नाही. १/३५ म्हणजे प्रत्येक लांबीला पस्तीसने भागायचं. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो. सेंच्युरियन रणगाड्याची रुंदी सुमारे ३.४ मीटर, ती पावणेदहा सेंटिमीटरवर येते. इथवर सगळं सोपं आहे. अडचण येते जाडीची. रणगाड्याच्या ट्रॅकवरचे मडगार्ड पातळ पत्र्याचे असतात, दोन-तीन मिलिमीटरचे. पस्तीसने भागलं तर ते मॉडेलमध्ये ०.०६ ते ०.०९ मिलिमीटर हवेत, साधारण कागदाइतके. प्लॅस्टिकचा साचा एवढं पातळ ओतू शकत नाही. किटमधला मडगार्ड जवळजवळ एक मिलिमीटरचा असतो, म्हणजे मूळ मापात साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे मडगार्डच्या जागी आपण चिलखत बसवलेलं असतं. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण गाडी खेळण्यासारखी दिसते.

डिटेलिंगची सुरुवात इथे होते. रसायनाने कोरून काढलेले पितळेचे पातळ पत्रे मिळतात. छंदातले लोक त्यांना ‘पीई’ म्हणतात. प्लॅस्टिकचा मडगार्ड कापून टाकायचा, त्या जागी पितळेचा दुमडून लावायचा, आणि मग चिमट्याने त्याचा कोपरा किंचित वाकवायचा, जसा झाडाला घासून गेलेल्या खऱ्या गाडीचा वाकतो. हा वाकलेला कोपरा प्लॅस्टिकमध्ये येत नाही. तोफेची नळी खरादावर काढलेल्या अॅल्युमिनियमची लावता येते. दोन अर्ध्या भागांची प्लॅस्टिक नळीही नीट घासली तर चांगली होते, त्यामुळे तो खर्च नवशिक्याने करू नये असं मला वाटतं. मडगार्ड, हेडलाइटच्या संरक्षक जाळ्या आणि इंजिनावरच्या झडपांच्या जाळ्या एवढ्यावर पैसे खर्चावेत.

वजनाचा हिशोब त्याहून बोलका आहे. लांबी पस्तीसने भागली की वजन पस्तीसच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ ने भागलं जातं. सेंच्युरियन ५१ टनांचा; त्याचं पोलादी मॉडेल या न्यायाने सव्वा किलोच्या आतबाहेर भरेल. प्लॅस्टिकचं मॉडेल काही शे ग्रॅमच असतं, आणि ते जमिनीवर बसत नाही, जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून वजन दाखवावं लागतं. पँथरच्या वरच्या ट्रॅकला आधार देणारे रोलर नसतात; जड ट्रॅक मोठ्या चाकांवरच विसावतो आणि चाकाचाकांमध्ये झोल पडतो. हा झोल दाखवला नाही तर पँथर पोकळ वाटतो. चिखलात गाडी किती रुतली, पुढची चाकं उंचवट्यावर चढलेली असतील तर ती किती वर दबली, हे ठरवावं लागतं. कारण अशा वेळी सगळी चाकं एका रेषेत नसतात, आणि मॉडेलवाल्यांचं निम्म्याहून जास्त वेळा इथेच दुर्लक्ष होतं.

आणि तिसरा हिशोब अंतराचा. मॉडेल आपण साधारण तीस सेंटिमीटरवरून पाहतो. पस्तीस पट केलं की साडेदहा मीटर. म्हणजे खरी गाडी दहा मीटरवरून जशी दिसेल तशी ती दिसायला हवी. दहा मीटरवरून रंग उडालेला दिसतो का? दरवाजाच्या कडेला, जिथे बूट घासतात तिथे, हो. पण बारीक ब्रशने काढलेला ०.३ मिलिमीटरचा ओरखडा मूळ मापात एक सेंटिमीटर रुंद होतो. असे शेकडो ओरखडे अंगभर असलेली गाडी मी कुठल्याही जुन्या फोटोत पाहिलेली नाही, प्रदर्शनांत मात्र हटकून पाहतो.

प्रत्यक्ष बांधणीबद्दल इथे फार लिहीत नाही. निपरने भाग फ्रेमपासून जरा दूर कापावा, उरलेलं टोक पात्याने आणि पॉलिश पेपरने काढावं. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक रेघ प्रत्येक चाकावर आणि प्रत्येक हँडलवर असते, ती खरवडून काढावी. प्लॅस्टिक सिमेंट हे पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतं. धातूला आणि रेझिनला ते चालत नाही, तिथे सुपरग्लू. हे दोन महिन्यांत हातात बसतं. जे हातात बसायला वेळ लागतो आणि ज्यावर खरा जीव जडतो, त्यातली एक गोष्ट तेवढी जवळून दाखवतो: वेल्डिंगची शिवण.

खऱ्या रणगाड्यावर दोन प्लेटा जिथे मिळतात तिथे दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची वेल्डिंगची रेघ असते, एकावर एक चढलेल्या छोट्या चंद्रकोरींसारखी. मॉडेलवर ती अर्ध्या मिलिमीटरची. किटमध्ये ती पुष्कळदा नसतेच, किंवा नुसती खाच असते. आधी ती खाच पात्याने थोडी खोल करायची. मग फ्रेमचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत धरायचा. मऊ झाला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ताणायचा. केसाहून बराच जाड असा प्लॅस्टिकचा धागा निघतो. तो खाचेत बसवून वरून पातळ सिमेंटचा ब्रश फिरवायचा आणि पाच-सात मिनिटं हात बांधून बसायचं. धागा लोण्यासारखा मऊ झाला की बोथट पात्याच्या टोकाने अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर हलकं दाबत जायचं, प्रत्येक दाब आधीच्याला किंचित टेकलेला. घाई केली तर धागा तुटतो, उशीर केला तर उमटत नाही. दुसऱ्या दिवशी प्रायमर मारला की ती रेघ उजळून वर येते, आणि कारखान्यातला वेल्डर कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला गेला असेल हे कळतं. ओतीव टरेटला, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाला, याच्या उलट दाट प्रायमर ब्रशने टिपून टिपून खडबडीत करायचं. सेंच्युरियनचा टरेट ओतीव आणि त्याचं छत वेल्ड केलेलं, म्हणजे दोन्ही कामं एकाच टरेटवर.

रंगकामाच्या परंपरा देशोदेशी घडल्या. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी १९७० च्या दशकात मोनोग्रामच्या किटसाठी केलेल्या दृश्यमांडण्या, म्हणजे डायोरामा, पाहून एका पिढीला कळलं की रणगाड्याच्या बाजूला उभ्या माणसांतून गोष्ट सांगता येते. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हेर्लिंडन यांनी पातळ गडद रंगाचा वॉश आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळवणं ही जोडी लोकप्रिय केली. पुढे स्पेनमधून मिग हिमेनेझ आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी गंज, धूळ, तेलाचे ओघळ यांसाठी वेगवेगळी माध्यमं आणली. त्याच काळात एकाच रंगाच्या पाच छटा देऊन आकार उठवण्याची पद्धतही रूढ झाली. या स्पॅनिश वळणाचं सौंदर्य मला मान्य आहे. पण ते चित्रकाराचं सौंदर्य आहे. त्यात प्रकाश गाडीवर आधीच रंगवलेला असतो. पेन यांच्याकडे जी गाडी आणि माणसं यांची गोष्ट होती ती मला जास्त जवळची वाटते. वाचकाने दोन्ही शिकावं आणि आपलं ठरवावं.

गंजाबद्दल मात्र मी आग्रही आहे. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या रणगाड्याचं आयुष्य अनेकदा काही महिन्यांचंच असे. एवढ्या काळात चिलखतावर ओघळच्या ओघळ गंज येत नाही. गंजतो तो सायलेन्सर, कारण तिथला रंग जळतो, आणि उभ्या गाडीचा ट्रॅक. चालत्या गाडीच्या ट्रॅकचा जमिनीला घासणारा भाग चकाकतो.

आता आपल्या गाड्यांकडे वळतो. भारतीय वाचकासाठी हा छंद इथे वेगळा होतो, कारण इथे तयार उत्तरं नाहीत. विषय मात्र एकाहून एक आहेत. १ नोव्हेंबर १९४८ ला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या ७ लाइट कॅव्हलरीने साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले. बातमी फुटू नये म्हणून वाटेत त्यांचे टरेट उतरवून ठेवले होते. टरेटशिवाय, वर ताडपत्री टाकून घाटातून चाललेला स्टुअर्ट: असं मॉडेल कुणी करावं अशी माझी फार इच्छा आहे. डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट १९४५ साली ब्रह्मदेशात मेइक्टिलाला शर्मन घेऊन लढली आणि वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, खेमकरणजवळ असल उत्तरला पुन्हा शर्मन घेऊनच उभी राहिली. समोर पाकिस्तानचे नवे पॅटन रणगाडे. त्या लढाईत ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन होते, ८ कॅव्हलरीकडे हलके फ्रेंच एएमएक्स-१३, आणि कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडे जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. ज्या जीपने पॅटन फोडले तिचं मॉडेल रणगाड्याच्या निम्म्या कष्टात होतं, आणि भारतीय मॉडेलवाल्याने सुरुवात तिथून करावी इतकं ते महत्त्वाचं आहे.

आणि फामागुस्ता. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये दाखल झाले आणि १६ डिसेंबर १९७१ ला शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे जरपालच्या लढाईत लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. वय २१. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता. युद्धानंतर तो भारतात परत आला आणि अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

हे मॉडेल करायचं तर काय करावं लागेल? बाजारात सेंच्युरियनचे किट मिळतात, पण ते मुख्यतः ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन किंवा इस्रायली गाड्यांचे. ‘शोत काल’ या इस्रायली सेंच्युरियनचं किट घेतलं तर मागचा भाग चुकतो. तिथे डिझेल इंजिन बसवताना इंजिनावरचं छत उंचावलं होतं. आपल्या त्या वेळच्या सेंच्युरियनमध्ये ब्रिटिश मीटिऑर पेट्रोल इंजिन होतं, जे रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान इंजिनावरून घेतलेलं. तोफही पाहून घ्यावी. नंतरच्या सेंच्युरियनवर १०५ मिलिमीटरची, तर १९७१ च्या आपल्या गाड्यांवर २०-पाउंडर, म्हणजे ८४ मिलिमीटरची. मग पुढचे प्रश्न. त्या दिवशी बाजूच्या संरक्षक प्लेटा लावलेल्या होत्या की काढलेल्या? टरेटवर सामान काय बांधलेलं होतं? लढाईपूर्वीची सकाळ दाखवायची की दुपार? एकेका प्रश्नासाठी रेजिमेंटचे इतिहास, फोटो, लढलेल्यांच्या आठवणी धुंडाळाव्या लागतात. किट उघडण्याआधीच हे काम काही महिने पुरतं.

अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चिलखती गाडीपासून सेंच्युरियन आणि पकडलेल्या पॅटनपर्यंत पन्नासेक गाड्या तिथे उघड्यावर उभ्या आहेत. महाराष्ट्रातल्या मॉडेलवाल्याला पुण्याहून दिवसभरात जाऊन येता येईल अशा अंतरावर हे असणं हे मोठं भाग्य आहे. एक सावधगिरी मात्र बाळगायची. संग्रहालयातली गाडी आकारासाठी पहावी, रंगासाठी नाही. ती अनेकदा रंगवलेली असते, आणि रंग उपलब्ध असेल तो मारलेला असतो. पेट्या, अवजारं, दिवे नाहीसे झालेले किंवा दुसऱ्या गाडीचे असू शकतात. चाकांची मांडणी, टरेटची वळणं, ओतकामाचा पोत, बोल्टांची संख्या मात्र खरी. मागची बाजू, वरची बाजू आणि चाकांच्या आतला भाग पहावा. पुस्तकांत याचेच फोटो नसतात. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून रंग ठरवणंही धोक्याचं. काही प्रकारच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटतो आणि निळा फिका, त्यामुळे करड्या छटांवरून ‘हा हिरवाच’ असं म्हणता येत नाही.

युद्धाच्या यंत्रांशी खेळायचं कशाला, असं विचारणारे भेटतात, आणि तो प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं की आपण काय बनवतो आहोत हे पूर्ण माहीत असावं. जर्मन रणगाडे या छंदात सर्वांत लोकप्रिय आहेत, त्यांचे छलावरणाचे रंग आकर्षक आहेत. पण ‘दास राइश’ या एसएस डिव्हिजनची खूण टरेटवर लावणाऱ्याला १० जून १९४४ ला फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान गावात तिच्या सैनिकांनी सहाशेहून अधिक नागरिक मारले हे ठाऊक हवं. ठाऊक असूनही ते मॉडेल करता येतं, आणि मग ते वेगळं होतं: खूण उठावदार रंगवण्याचा मोह उरत नाही. डायोरामात मृतदेह शोभेसारखे मांडू नयेत असंही माझं स्पष्ट मत आहे. रणगाड्याच्या आत चार-पाच माणसं बसतात हे ज्याला सतत दिसतं, त्याच्या हातून असं होत नाही.

आपल्याकडच्या व्यवहाराबद्दल दोन शब्द. किट बाहेरून येतात, वर आयात शुल्क लागतं, आणि ज्वालाग्राही म्हणून सिमेंट आणि काही रंग टपालाने येत नाहीत. पण पुष्कळ काही इथेच मिळतं. वॉशसाठी कॅम्लिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर आणि चांगलं टर्पेंटाइन पुरतं. धुळीसाठी सॉफ्ट पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड करावी. ताडपत्रीसाठी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवलेला टिश्यू पेपर, पट्ट्यांसाठी गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा, तारांसाठी जुन्या वायरमधलं तांबं. एअरब्रश पहिल्या दिवशी घेऊ नये. रंग फवारताना खिडकी उघडी आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. रेझिन घासताना तर ओल्या पॉलिश पेपरनेच घासावं, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. पहिलं किट स्वस्तातलं, जुन्या साच्याचं, दीडशे-दोनशे भागांचं घ्यावं आणि पूर्ण करावं. अर्धवट राहिलेल्या हजार भागांच्या किटमधून पूर्ण झालेल्या साध्या जीपइतकं शिकायला मिळत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती मॉडेल न करणाऱ्या वाचकांनाही आहे. भारतीय रणगाड्यांचे १९४८, १९६५, १९७१ चे फोटो फार थोडे छापले गेले आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत वडील, काका, आजोबा रिसाल्यात किंवा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते, आणि गाडीशेजारी उभं राहून काढलेला एखादा फोटो ट्रंकेत किंवा अल्बममध्ये आहे. आजच्या छावण्यांचे आणि सेवेतल्या गाड्यांचे फोटो नकोत, ते काढूही नयेत. पण हे जुने फोटो बाहेर काढा, स्कॅन करून ठेवा, आणि ज्यांना आठवतं ते आहेत तोवर त्यांना विचारून मागे पेन्सिलीने लिहा: रेजिमेंट कोणती, वर्ष कोणतं, ठिकाण कोणतं, गाडीचा नंबर काय आणि शेजारी उभं कोण आहे.